‘अकाली’ या शब्दाविषयी

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयात एक शोकसभा झाली. मराठी विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारा एक सहकारी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेला होता. शोकठराव वाचला गेला. त्यात ‘क्रूर काळाने घातलेला घाला’ होता, ‘नियतीचा दुर्विलास’ होता आणि अर्थातच ‘अकाली निधन’ होते. दोन मिनिटे स्तब्धता पाळून सगळे चहाला गेले.

त्या ठरावाचा मसुदा मीच केला होता. पाच मिनिटेही लागली नाहीत. मराठीच्या माणसाला असे काही लिहायला सांगितले की शब्द आपोआप रांगेत उभे राहतात, आणि तेच मला आता खटकते. अकरा वर्षे हा माणूस दोन महाविद्यालयांमध्ये ताशी दराने शिकवत होता. दोन्ही गावांत चाळीस किलोमीटरचे अंतर, मधला प्रवास एसटीचा, संध्याकाळी एका खाजगी क्लासमध्ये व्याकरण. दर जूनमध्ये नवे नेमणूकपत्र मिळेपर्यंत आपण शिक्षक आहोत की नाही हे त्याला ठाऊक नसे. झालेल्या तासांचे पैसे कधी सहा महिन्यांनी येत, तर कधी शैक्षणिक वर्ष संपल्यावर. मे महिन्याचे पैसे अर्थातच नाहीत, कारण मे महिन्यात तास नाहीत. ही सारी माहिती मसुदा करताना माझ्या डोक्यात होती आणि तिच्यातली एकही गोष्ट त्या कागदावर उतरली नाही. ‘नियती’ने सगळी जागा व्यापली होती.

या लेखाचे भांडण त्या शब्दाशी आहे. शब्दाशी म्हणजे, तो वापरण्याची जी सवय आपल्या मराठी विभागांनी, पाठ्यपुस्तकांनी आणि समीक्षेने लावली आहे तिच्याशी.

शाळेपासून आपण कविपरिचय वाचत आलो आहोत. केशवसुत: अकाली निधन. गोविंदाग्रज: अकाली निधन. आनंदीबाई जोशी: अर्थातच अकाली निधन. या तीन मृत्यूंकडे जरा थांबून पाहू. केशवसुत १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने गेले, पाठोपाठ त्यांची पत्नीही गेली. प्लेग १८९६ साली मुंबईत आला आणि पुढच्या दोनतीन दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्याने नेली. पण त्याने ती सरसकट नेली नाहीत. याच देशात, याच वर्षांत राहणाऱ्या युरोपीय लोकांमध्ये प्लेगचे मृत्यू फारच थोडे होते. उंदीर जिथे माणसांच्या अंथरुणाशी राहतात, धान्य जिथे झोपण्याच्या खोलीतच साठवावे लागते, तिथे तो प्रामुख्याने गेला. तुटपुंज्या पगारावर गावोगाव फिरणाऱ्या एका शाळामास्तराच्या वाट्याला असे घर आणि अशी वस्ती येणे यात काळाचे क्रौर्य किती आणि वेतनश्रेणीचे किती, हा प्रश्न ‘अकाली’ म्हटल्यावर विचारताच येत नाही.

आनंदीबाईंचे तर आणखी विचित्र आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत ते मूल गेले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून त्या वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात क्षयाने वारल्या. एका मुलीच्या शरीराने चौदाव्या वर्षी जे सोसले त्याचा पुढच्या आठ वर्षांशी काही संबंध असेल, अशी शंकादेखील आपल्या वर्गात कुणी काढत नाही. श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’वर (१९६८) आपण तास घेतो तेव्हा गोपाळरावांचा विक्षिप्तपणा, तिची जिद्द, करुण शेवट एवढ्यावर तास संपतो. करुण हा शब्दही ‘अकाली’च्याच घराण्यातला.

आता थोडे वर्गाबाहेर जाऊ. १९६७ मध्ये लंडनमध्ये सरकारी नोकरांची एक पाहणी सुरू झाली. ती ‘व्हाइटहॉल’ या नावाने ओळखली जाते. सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचारी. यांच्यात कुणी उपाशी नव्हते, बेघर नव्हते, बेकार नव्हते. सगळे पांढरपेशे, सगळ्यांना डॉक्टर उपलब्ध. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे शिपाई, निरोपे, द्वारपाल यांच्यातल्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा फरक फक्त वरच्या आणि खालच्या टोकांत नव्हता, तो पायरीपायरीने होता. दुसऱ्या पायरीवरचा माणूस पहिल्या पायरीवरच्यापेक्षा कमी जगत होता, तिसरीवरचा दुसरीपेक्षा कमी. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे हिशेबात धरूनही या उतरंडीचा जेमतेम एक तृतीयांश भाग उलगडत होता. बाकीचे काय? १९८५ पासून झालेल्या दुसऱ्या पाहणीत स्त्रियाही होत्या, आणि तिथे एक धागा ठळकपणे हाती आला: आपल्या कामावर आपला स्वतःचा ताबा किती, हा. काय करायचे, केव्हा करायचे, उद्या ते काम असेल की नाही, हे ज्याच्या हाती नाही त्याच्या हृदयाला त्याची किंमत मोजावी लागते.

हे वाचताना मला आमच्या स्टाफरूममधली खुर्च्यांची रचना आठवली. खिडकीजवळ पूर्णवेळ मंडळी, दाराजवळ तासिकावाले. कुणी तशी सक्ती केलेली नाही. तसेच बसतात.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, नाहीतर मीही ‘नियती’च्या जागी दुसरा एक मोठा शब्द आणून बसवीन. माझ्या सहकाऱ्याला कशाने मारले हे मला सांगता येणार नाही. त्याच्या घराण्यात हृदयविकार असेल. तो दिवसाला दोनतीन सिगारेटी ओढत असे. जेफ्री रोझ या इंग्रज वैद्यकतज्ज्ञाने १९८५ मध्ये एका लेखात फार नेमका भेद केला होता. हाच माणूस आजारी का पडला, हा एक प्रश्न. या समूहात एवढी माणसे आजारी का पडतात, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर पुष्कळदा योगायोगाजवळ जाते, दुसऱ्याचे मात्र जात नाही. शंभर तासिकावाल्यांपैकी कोण पंचेचाळिशीच्या आत जाईल हे अज्ञात, पण शंभर पूर्णवेळ प्राध्यापकांच्या तुलनेत किती जातील, याला कारणे आहेत आणि ती शोधता येतात. मराठी समीक्षेची गफलत अशी की पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिने दुसऱ्यावर चिकटवले. एका माणसाच्या बाबतीत जे अगम्य, ते सगळ्यांच्याच बाबतीत अगम्य ठरवून ती मोकळी झाली.

‘नियती’ला हल्ली एक धाकटे भावंड मिळाले आहे. त्याचे नाव ‘जीवनशैली’. रविवारच्या पुरवण्या त्यावर चालतात. मधुमेह हा जीवनशैलीचा आजार, रक्तदाब हा जीवनशैलीचा आजार. शैली म्हणजे निवड. म्हणजे तुम्ही ती चुकीची निवडलीत. जुन्या शब्दाने निदान माणसाला निर्दोष तरी सोडले होते, हा नवा शब्द त्यालाच आरोपी करतो. आणि दोघांचेही काम एकच, मधली सगळी व्यवस्था नजरेआड करणे.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि के.ई.एम. रुग्णालयातील त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास केला, तो खरे तर आपल्या विभागांत वाचला जायला हवा, इतका तो कथात्म आहे. तिथली नवजात बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. स्नायू कमी, अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारे पण आतून चरबीदार असे हे बाळ पुढे चाळिशीत मधुमेहाच्या वाटेवर असते. आणि बाळ लहान का? आईच्या ताटात पालेभाजी, फळे, दूध किती होते याचा संबंध निघाला. शिवाय आई गरोदरपणात किती कष्ट उपसत होती याचाही, आणि त्या कष्टांत विहिरीवरून पाणी आणणे होते, शेतातले काम होते. म्हणजे आज हिंजवडीत संगणकापुढे बसणाऱ्या एखाद्या माणसाच्या साखरेचा एक धागा त्याच्या आईच्या डोक्यावरच्या हंड्यापर्यंत जातो. याला ‘जीवनशैली’ म्हणायचे असेल तर कुणाची? ती विहीर गावाच्या कुठल्या बाजूला होती आणि कुणाला तिच्यावर पाणी भरू देत होते, हे प्रश्न मग ओघानेच येतात. मराठी वाचकाला विहिरीचे राजकारण नव्याने सांगायला नको.

जातीचा उल्लेख निघालाच आहे तर एक आकडा नोंदवतो. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेच्या २०१८ च्या अहवालात भारतातल्या दलित स्त्रियांचे मृत्युसमयीचे सरासरी वय ३९.५ आणि उच्चवर्णीय स्त्रियांचे ५४.१ वर्षे दिले आहे. हे आयुर्मान नव्हे, मृत्यू झालेल्यांच्या वयाची सरासरी आहे, त्यामुळे आकडा सांभाळून वाचावा लागतो. पण सांभाळून वाचला तरी तो साडेचौदा वर्षांचा फरक पुसला जात नाही. इथे ‘अकाली’ कुणाला म्हणायचे? ज्या समूहात चाळिशीत जाणे हे सरासरीच्या जवळ आहे, त्या समूहात काळ कुठला आणि अकाळ कुठला? आपला ‘अकाली’ हा शब्द मुळात ज्यांना ऐंशी वर्षांची अपेक्षा करता येते त्यांच्या घरातून आलेला आहे.

बीडचे उदाहरण घेतो, कारण ते अगदी अलीकडचे आहे आणि आपल्या भाषेत घडलेले आहे. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पावसाळ्याअखेर मुकादमाकडून ‘उचल’ घ्यायची, ती फेडण्यासाठी पुढचे पाचसहा महिने फडावर, कोपीत राहायचे. न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी दूर. वाकून तोडायचे, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायची. एक दिवस चुकला की ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड त्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त. पाळीच्या दिवसांत, अंगावरून जात असताना, ओटीपोट दुखत असताना खाडा परवडत नाही. मग खाजगी दवाखाना, मग पिशवी काढून टाकणे. ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातल्याच्या तक्रारी पुढे आल्या. २०१९ मध्ये गवगवा झाल्यावर सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. दर सहा जणींमागे एक. देशभरच्या आरोग्य पाहणीत प्रजननवयातल्या स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

यावर मराठीत कथा-कविता लिहिल्या गेल्या, आणखी लिहिल्या जातील. मला भीती आहे ती त्यांच्यावर येणाऱ्या परीक्षणांची. ‘स्त्रीच्या आदिम वेदनेचा प्रत्यय’, ‘मातृत्वाच्या शोकात्मिकेचे वैश्विक परिमाण’ हे शब्द मला आत्ताच दिसू लागले आहेत. त्या वेदनेत आदिम काही नाही. तिची किंमत खाड्याच्या दंडात ठरलेली आहे, ती साखरेच्या हंगामाच्या वेळापत्रकावर चालते, आणि त्या दंडाऐवजी भरपगारी सुट्टी आली असती तर तिचा मोठा भाग उद्भवलाच नसता. ‘वैश्विक’ म्हणताच मुकादम, कारखाना, दवाखाना तिघेही सुटतात.

आता आक्षेपाकडे वळू. तो मला पाठ आहे, कारण विद्यार्थिदशेत मीच तो हिरिरीने मांडत असे. साहित्य म्हणजे समाजशास्त्राचा दस्तऐवज नव्हे. आरोग्य खात्याचे आकडे आणून कवितेवर लादू नका. कलावाद-जीवनवादाच्या जुन्या वादात शिरायची माझी इच्छा नाही, तो फडके-खांडेकरांपासून पुरेसा झिजला आहे. मी एवढेच म्हणतो की ‘नियती’ हाही एक कारणविचारच आहे. तुम्ही कवितेवर कारणे लादत नाही असे नव्हे. तुम्ही एकच कारण लादता, आणि ते इतके मोठे असते की कुणाच्या लक्षात येत नाही. जी. ए. कुलकर्णींच्या कथेत नियती आहे हे खरे. ती त्यांनी घडवलेली, त्यांच्या कथाविश्वाच्या नियमांनी चालणारी गोष्ट आहे आणि तिच्यापुढे मी नम्र आहे. पण जीएंवर तयार झालेली परिभाषा आपण उचलली आणि भूक, बाळंतरोग, क्षय असलेल्या प्रत्येक पुस्तकावर छापली. हा जीएंवरही अन्यायच आहे.

सूझन सोंटॅगच्या १९७८ च्या निबंधाचाही असाच गैरवापर चर्चासत्रांत ऐकू येतो. आजारावर अर्थ लादू नका, असे तिने म्हटले म्हणून आजाराच्या सामाजिक वाचनालाच काही मंडळी हरकत घेतात. तिचा रोख होता क्षयाला काव्यात्म आणि कर्करोगाला स्वभावदोष ठरवणाऱ्या रूपकांवर, रुग्णाला दोषी धरणाऱ्या कल्पनांवर. हुबळीतल्या घरात उंदीर होते, हे रूपक नव्हे.

पात्रांनी ‘नशीब’ म्हणावे, याला माझी मुळीच हरकत नाही. मूल गेलेल्या बाईने ‘देवाची मर्जी’ म्हटले तर त्या शब्दाचा तिला आधार असतो, तो काढून घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण पात्राचा शब्द उचलून समीक्षकाने आपला निष्कर्ष म्हणून मांडणे ही वेगळी गोष्ट. डॉक्टरने रुग्णाची तक्रारच निदान म्हणून लिहून द्यावी, तसा हा प्रकार.

आणि हे सगळे आपल्याकडे नव्हते, आता बाहेरून आणावे लागत आहे, असेही नाही. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या (१८८३) आरंभीच्या त्या सुप्रसिद्ध ओळी आठवा. एका अभावातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा आणि शेवटी माणसाचे खचणे, अशी ती कारणांची साखळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ मध्ये, मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली, शिक्षण, घर, काम, सत्ता यांतल्या विषमतेतून माणसांचे आयुष्य कसे तुटते याचा जगभरचा अहवाल दिला. जोतीरावांच्या ओळींचा आराखडा त्याच जातीचा आहे. आपण त्या ओळींचा सुविचार करून व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहिला. आणि जोतीराव तिथेच थांबले नव्हते. शेतकऱ्याच्या घरात ते आपल्याला नेतात, त्याचे अन्न, त्याचा गोठा, दुर्गंधी, सारे तपशिलाने दाखवतात. रोगाचे बीज कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते. सावित्रीबाई १८९७ च्या मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. तो मृत्यूही आपण ‘त्याग’ या एका शब्दात गुंडाळला आहे.

अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त (१९५९) उपासमार आहे, पण ती आभाळातून पडलेली नाही. धान्य आहे, ते कुणाच्या तरी कोठारात आहे, हे फकिराला माहीत असते आणि कादंबरी त्या माहितीवर उभी आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मधले (१९८६) बाळंतपणाचे वर्णन घ्या. कोवळ्या वयाची मुलगी, अडलेले बाळंतपण, बाळंतिणीच्या पोटात घालायला घरात काही नाही. मी हे प्रकरण वर्गात तीन-चारदा शिकवले आहे आणि दर वेळी फळ्यावर ‘दाहक वास्तव’ असे लिहून पुढे गेलो आहे. दाहक म्हटले की वाचून झाले. बेबीताई मात्र तिथे एकेक गोष्ट मांडून ठेवतात: घरात काय आहे, काय नाही, कोण कुणाकडे काय मागायला जाते, मिळते की नाही. हा हिशेब आहे, आणि तो हिशेब हीच त्या गद्याची ताकद आहे. त्यातल्या भाषेच्या ‘रांगडेपणा’वर शोधनिबंध झाले. तिथल्या बाळंतिणी नेमक्या कशाने मरत होत्या, यावर आपल्या विभागांत झालेला एकही प्रबंध माझ्या पाहण्यात नाही.

हे काम डॉक्टरांचे, असे कुणी म्हणेल. डॉक्टरांनी ते केले आहे. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी करून राणी बंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले की ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्यांतल्या जेमतेम ८ टक्के स्त्रियांची याआधी कधी तपासणी झालेली होती. पण हे दुखणे वर्षानुवर्षे बोलले का गेले नाही, त्याला शब्द कुठले होते, कुणापाशी बोलायचे होते, हे प्रश्न भाषेचे आहेत. ते आपल्या विभागाचे आहेत. बोलल्या न गेलेल्या दुखण्याचे व्याकरण आपण नाही तर कोण लिहिणार?

असो. शोकसभेनंतर महिन्याभराने मी कार्यालयात गेलो आणि ठरावात दुरुस्ती करता येईल का असे विचारले. ‘नियतीचा दुर्विलास’ हे शब्द काढायचे आणि त्या जागी एवढेच: दिवंगत सहकारी अकरा वर्षे तासिका तत्त्वावर कार्यरत होते, मृत्युसमयी त्यांचे सात महिन्यांच्या तासांचे मानधन येणे होते. संबंधितांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, “सर, माहिती बरोबर आहे, पण शोकठरावाचा तो नमुना नाही.” मग जरा थांबून, आवाज उतरवून विचारले, “वहिनींना ते पैसे मिळाले का हो?” मला ठाऊक नव्हते. आम्ही दोघांनी मिळून लेखा विभागात फोन लावला.